मखमल की घोंगडी: पावनखिंडीच्या प्रयोगासाठी पांघरूण निवडताना

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका हौशी मंडळाचं हे प्रकरण. मंडळाचं, माणसांचं आणि ज्या शाळेच्या मैदानावर प्रयोग झाला तिचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मंडळाचा कपडेपट मी सांभाळते. त्यामुळे पुढे जे जे चुकलं म्हणून लिहिलंय, त्यातलं निम्मं माझ्याच खात्यावर आहे.

वर्षातून एकदा, उघड्या मैदानावर, इतिहासातला एक प्रसंग उभा करायचा, एवढाच आमचा उद्योग. कलाकार सगळे हौशी. आयटीतली पोरं, दोन बँकवाले, एक रिक्षावाले काका, कॉलेजची मुलं. बाराबंद्या, अंगरखे, पगड्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने येतात, कंबरेचे शेले आमचे स्वतःचे आहेत. पांघरुणाचा प्रश्न आजवर आलाच नव्हता, कारण आमचे प्रयोग शिवजयंतीच्या आसपासचे, कोरड्या दिवसांतले.

यंदा दिग्दर्शकाने पन्हाळा ते विशाळगड घेतलं, आणि तेही जुलैतच करायचं ठरवलं. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून कपड्यापुरतं सांगते. साल १६६०, १२ जुलैची रात्र, आषाढातला पाऊस, चिखल, आणि सिद्दी जौहरच्या वेढ्यातून लपून निघालेली सहाशेच्या आसपास माणसं. त्यांतले बांदल हिरडस मावळातले, म्हणजे आपल्या भोरकडचे. आमच्याकडे सहाशे कुठून येणार? छत्तीस मावळे, चौदा सिद्दी मसूदचे पाठलागवाले आणि दोन पालख्या. दुसरी पालखी शिवा काशीदची.

पांघरुणासाठी खजिनदारांनी पंचेचाळीस हजार रुपये मंजूर केले. सुरुवातीला आम्हाला ते भरपूर वाटले.

अडचण कशी सुरू झाली

मे महिन्यातल्या बैठकीत दिग्दर्शकाने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. काळोख, मागे धूर, आणि डोक्यावर टोकदार टोपडं असलेल्या काळ्याभोर झग्यातले मावळे. "ताई, मला हे हवंय. असंच."

चित्र झकास होतं, यात वाद नाही. पण तो झगा युरोपातला. अर्धगोल कापायचा, गळ्याशी बंद किंवा पिन, मागे शिवलेलं टोपडं. तिकडे तो जाड, दाबून घट्ट केलेल्या लोकरी कापडाचा करत, आणि तिकडच्या थंडीपावसात तो शोभतोही. मावळच्या डोंगरातल्या शिलेदाराच्या अंगावर तो आणला की प्रेक्षकातल्या आजोबांना चर्चमधला पाद्री पळत आल्यासारखं वाटणार. हे मी बैठकीत बोलायला हवं होतं. बोलले नाही. पहिला निर्णय तिथेच चुकला, आणि तो कापडाचा नव्हताच. वस्तू काय आहे हे न ठरवता आम्ही ती कशाची करायची यावर आलो.

दुसऱ्याच दिवशी रविवार पेठेत कापडगंजात गेले. काळी मखमल, एकशे चाळीस रुपये मीटर. मखमल म्हणजे नावाची, सगळं सूत पॉलिस्टरचं. एका झग्याला पाच मीटर, असे चार झगे नमुन्याला शिवून घ्यायचे ठरले. आमचे मास्टर शिलाई करता करता म्हणाले, "ताई, हे कापड इस्त्रीला चिकटतंय." मी म्हटलं, इस्त्री हलकी ठेवा. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते, कारण संपूर्ण प्रकरणाचं उत्तर त्या एका वाक्यात होतं. बेचाळीसशे रुपये गेले, कापड आणि शिलाई धरून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मैदानावर पहिली रंगीत तालीम झाली. मशाली पेटवल्या. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही म्हणून चिंध्या डिझेलमध्ये बुडवलेल्या, आणि डिझेलची मशाल ठिणग्या टाकते, शिवाय जळते थेंबही. पालखीच्या बाजूने धावणाऱ्या एका मुलाच्या खांद्यावर असा थेंब पडला. मखमल पेटली नाही. पेटली असती तर बरं, असं म्हणायची वेळ आली, कारण ती वितळली. रुपयाएवढं भोक पडलं आणि वितळलेला काळा गोळा खाली दंडावर जाऊन चिकटला. दंड लगेच नळाखाली धरला आणि वीस मिनिटं तसाच ठेवला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पट्टी केली, पंधरा दिवसांत बरं झालं. मुलाला काही वाटलं नाही, तो डाग सगळ्यांना दाखवत फिरत होता. त्याच्या आईला मात्र वाटलं, आणि तिने मला फोनवर जे ऐकवलं ते योग्यच होतं.

तालमी आठ दिवस थांबवल्या.

आधी आकार, मग कापड

थांबलेल्या त्या आठवड्यात सगळ्यात उपयोगी माणूस भेटला तो मार्केट यार्डात. आलं आणायला गेले होते, पाऊस आला. एका हमालबाबांनी रिकामं पोतं घेतलं, त्याचा एक कोपरा बोटांनी आत ढकलून दुसऱ्या कोपऱ्यात बसवला आणि ते डोक्यावर चढवलं. झालं टोपडं. पाठ झाकली, डोकं झाकलं, हात मोकळे. ही खोळ. माझी आजी शेतावर घोंगडीची अशीच खोळ करायची, लावणीच्या वेळी वाकलेल्या बायका इरली घेत आणि गुराखी घोंगडीच्या खोळीत उभा असे. मला ते माहीत होतं, पण मोबाइलमधल्या चित्रापुढे आठवलं नाही.

घरी येऊन चादरीवर करून पाहिलं. लांब आयत, शिवण नाही, बंद नाही, काप नाही. दिग्दर्शकाला बोलावून त्याच्याच डोक्यावर चढवलं. आरशात बघून तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "टोपडं तर आलं की." त्याला टोकदार छाया हवी होती, ती मिळाली. झग्याचा विषय संपला आणि शिलाईचा खर्चही.

एकदा घोंगडीचा आयत ठरल्यावर उरलेला प्रश्न सरळ झाला: हा आयत कशाचा? तो दोन तास पावसात राहणार, मशालीजवळून जाणार, चिखलात लोळणार आणि माणसाला त्यात पळता आलं पाहिजे.

पर्याय आणि गॅलरीतली प्रयोगशाळा

कापडवाल्याच्या शब्दावर आता विश्वास नव्हता. प्रत्येक कापडाची एक इंच रुंद पट्टी कापली, चिमट्यात धरली, खाली पाण्याची बादली ठेवली आणि गॅलरीत एकेक पेटवली. शेजारच्या काकूंनी "काय हो, केस जळतायत का कुणाचे?" असं विचारलं तेव्हा कळलं की घोंगडी अस्सल आहे. लोकर जळताना केस जळल्याचाच वास येतो, कारण ती आहेच केस. ज्योत काढली की बहुतेक वेळा ती आपणहून विझते आणि मागे काळी राख राहते, बोटांत चुरडली की भुगा होणारी. सुती पट्टी कागदासारखी भराभर जळते, ज्योत काढली तरी थांबत नाही, राख करडी. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, आणि टोकाला कडक मणी होतो. तोच मणी मुलाच्या दंडावर होता. पॉलिस्टर २५०–२६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं, लोकर पेटायला ५७० ते ६०० अंश लागतात. हे आकडे मला शिकवणी घेताना पाठ होते. गॅलरीत ते दिसले.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा. प्रत्येक कापडाचा एक फूट चौरस तुकडा, आधी कोरडा, मग दहा मिनिटं पाण्यात बुडवून आणि दहा मिनिटं निथळून. घोंगडीचा तुकडा ६० ग्रॅमचा १५० झाला. जाड खादी २३ ची ६२ झाली. आकडे बघून खजिनदार म्हणाले, मग खादीच घ्या की, हलकी राहते. पण दुसरी चाचणी झारीची होती. तुकडा ताटलीवर कागद ठेवून ताणला आणि वरून झारीने पाणी शिंपडलं. खादीखालचा कागद मिनिटाच्या आत ओला. घोंगडीवर पाणी बराच वेळ मण्यांसारखं केसांवर बसून राहिलं, कागद ओला व्हायला अकरा मिनिटं लागली. लोकरीत मेंढीचं मेण थोडं राहिलेलं असतं, आणि वरचे केस पाण्याला आत येऊ देत नाहीत. उलट हवेतला दमटपणा मात्र लोकर आत घेते, स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांशापर्यंत, आणि तरीही हाताला ओली लागत नाही. धनगर चार महिने तिच्यावर काढतो ते उगाच नाही.

विचारात घेतलेले पर्याय असे होते.

मखमल बाद. काळं फ्लीस, जे तुळशीबागेपासून कॅम्पापर्यंत कुठेही मिळतं, तेही बाद. हलकं, ऊबदार, पण वितळणारच.

सुती फलालीनवर आमचा एक आयटीवाला अडून बसला होता. लोकरीसारखं दिसतं, स्वस्त आहे, आणि आगीला प्रतिबंध करणारं पाणी चढवता येतं. तो खरा उपाय आहे, नाटकवाले पडद्यांना करतात: सात भाग टाकणखार, तीन भाग बोरिक ॲसिड, शंभर भाग पाणी, त्यात सुती कापड बुडवून वाळवायचं. आम्ही पट्टीवर करून पाहिलं, उत्तम काम करतं. पण हे दोन्ही क्षार पाण्यात विरघळतात. आमचा प्रयोग पावसात. पहिल्या सरीत उपाय मैदानावर वाहून जाणार आणि कोणाला कळणारही नाही. शिवाय फलालीनची वरची लव चटकन भडकते, साध्या सुतापेक्षाही लवकर. त्यामुळे तो पर्याय सगळ्यात धोकादायक ठरला, कारण तो सुरक्षित असल्याचा भास देत होता. बंद सभागृहात, मखमलीऐवजी, मी तोच घेतला असता.

पानिपतची कांबळी. जुन्या गरम कपड्यांचे धागे उसवून, पिंजून, पुन्हा काततात आणि त्याची करडी कांबळी विणतात. पुरात, भूकंपात वाटतात ती. दोनशे ऐंशी रुपयाला एक. खजिनदार हसत म्हणाले, "मावळ्यांच्या अंगावर पानिपत?" दिग्दर्शकाला हसू आलं नाही. पट्टी जाळली तर थोडी राख झाली आणि थोडे मणी, म्हणजे लोकरीत कृत्रिम धागा मिसळलेला. आगीजवळ नको, पण मागच्या रांगेत अंधारात चालेल असं कापड.

आणि घोंगडी. दख्खनी मेंढीची काळी जाडीभरडी लोकर, खड्डामागावर विणलेली, ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली. आठ फूट बाय साडेचार, वजन सव्वादोन किलोच्या आतबाहेर. दर चोवीसशे. छत्तीस गुणिले चोवीसशे म्हणजे शहाऐंशी हजार चारशे. खजिनदारांनी आकडा वहीत लिहिलासुद्धा नाही.

निर्णयाची रात्र

बैठक माझ्याच घरी झाली, कारण तुकडे तिथे वाळत होते. तीन तास बोलणं पैशाभोवती फिरत राहिलं. अर्ध्या घोंगड्या? मावळे कमी करायचे? मशाली विजेच्या घ्यायच्या? विजेची मशाल दिग्दर्शकाला मान्य नव्हती, म्हणाला, गणपतीच्या डेकोरेशनसारखी दिसते.

रिक्षावाले काका तोवर चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "मला एक सांगा, हे लोक लपून निघालेत ना?"

"हो."

"मग मशाली कशाला पेटवतील? सिद्दीला वाट दाखवायला?"

खोलीत कोणी काही बोललं नाही. तीन आठवडे आम्ही मशालीपासून वाचवणारं कापड शोधत होतो, आणि मावळ्यांच्या हातात मशाल असायचं कारणच नव्हतं. मशाली पाठलाग करणाऱ्यांकडे. मावळे अंधारात, मागून उजेड जवळ येत जातो. दिग्दर्शक उठून उभाच राहिला. त्याला आपला अख्खा पहिला प्रवेश तिथे सापडला.

मसूदच्या चौदा जणांच्या अंगावर साधे सुती जामे, घट्ट, कंबरेला आवळलेले, लोंबणारं काहीही नाही. मशालधारी चारच, दोन बाजूंना, मावळ्यांपासून दहा फुटांवर. दोन्ही बाजू फक्त खिंडीत एकत्र येणार, आणि त्याआधी मशाली वाळूच्या बादलीत जाणार.

यामुळे खिंडीतला एक पेचही सुटला. खोळ घेऊन तलवार चालवता येत नाही, पहिल्याच वाराला ती डोळ्यांवर येते. मग ठरलं की खिंडीच्या तोंडाशी बांदल घोंगड्या उतरवून टाकतील. मावळे लढायला थांबलेत हे सांगायला मग संवादाची गरज उरली नाही.

घोंगड्यांची गरज आता छत्तीसावरून एकवीसवर आली: पालख्यांचे भोई, पुढची रांग आणि खिंडीत थांबणारे. मागच्या पंधरांना पानिपतची कांबळी.

एकवीस कशा जमल्या

मंडळाच्या ग्रुपवर मी एक ओळ टाकली: माळ्यावर घोंगडी आहे का? पुण्यात निम्म्या घरांचं गाव कुठेतरी वरच्या अंगाला असतं, आणि गावाहून आलेली घोंगडी ट्रंकेत असते. चार दिवसांत अकरा आल्या. त्यातल्या दोन उलगडल्या तर कसर लागलेली, उजेडात धरल्या की चाळणी. नऊ चांगल्या निघाल्या. एक काकू त्यांच्या आईच्या माहेरची घेऊन आल्या, दशा अजून शाबूत, आणि जाताना दारातून दोनदा मागे वळून बघून गेल्या.

बारा विकत घेतल्या, सातारा जिल्ह्यातल्या एका विणकर कुटुंबाकडून. मी स्वतः गेले आणि प्रत्येकीचा एक धागा उपटून काडीवर जाळला. विणकरमामांनी बघितलं, रागावले नाहीत. म्हणाले, "बाजारात काळी ॲक्रिलिकची पण घोंगडी म्हणून विकतात. जाळूनच घ्या." हिशेब असा: अठ्ठावीस हजार आठशे घोंगड्यांचे, बेचाळीसशे कांबळ्यांचे, बेचाळीसशे आधीच मखमलीत गेलेले. एकूण सदतीस हजार दोनशे.

प्रयोगाच्या दिवशी

पाऊस होता, पण जुलैतला पुणेरी, रिमझिम, मध्येच थांबणारा. आषाढातल्या पन्हाळ्याच्या पावसाशी त्याची बरोबरी नाही, हे कबूल.

जे जमलं ते आधी. अंधारात काळ्या घोंगड्यांतली माणसं अक्षरशः दिसेनाशी होत होती, आणि मागून मशालीचा उजेड आला की केसांवर बसलेले पाण्याचे बारीक थेंब चमकून प्रत्येकाभोवती कड उमटायची. मखमल चमकली असती, पण अख्खी चमकली असती. मागची कांबळी उजेडात आली नाहीत, कोणाला फरक कळला नाही. ठिणगी एकदा पडली, एका भोयाच्या पाठीवर. त्याला ते दुसऱ्या दिवशी समजलं, बोटाच्या पेराएवढा करपलेला डाग बघून.

जे फसलं त्यात सगळ्यात मोठी चूक खळीची. नव्या घोंगड्या मी आल्या तशा कपडेपटात ठेवल्या होत्या. पाऊस लागल्यावर चिंचोक्याची खळ सुटली आणि पांढुरकी चिकट लाळ मुलांच्या बाराबंद्यांवर उतरली. भाड्याच्या बाराबंद्या. ड्रेपरीवाल्याने धुलाईचे वेगळे पैसे लावले, आणि त्याची काही चूक नव्हती. जुन्या नऊ घोंगड्यांना काही झालं नाही, त्यांची खळ पन्नास वर्षांपूर्वीच निघून गेली होती.

दुसरं, वजन. प्रयोगानंतर एक घोंगडी काट्यावर टाकली, तीन किलो चारशे. पूर्ण भिजली असती तर पाच किलोच्या वर गेली असती, हा हिशेब माझ्याकडे होता, कलाकारांकडे नव्हता. तालमी कोरड्या घोंगड्यांवर झाल्या होत्या. पालखीचे भोई तिसऱ्या फेरीला धापा टाकत होते. एका मुलाची मान लोकरीने लाल झाली, कारण बाराबंदीचा गळा उघडा राहतो. खाली सुती गमछा दिला असता तर भागलं असतं.

नंतर जे घडलं

हे प्रयोगाच्या हिशेबात धरायचं की नाही, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. मी धरते.

ओल्या घोंगड्या वाळवायला त्या रात्री घराघरांत वाटल्या. सांगितलं होतं, फक्त पसरा, सावलीत, पंख्याखाली. एका स्वयंसेवकाला वाटलं चिखल आहे, धुऊनच देऊ. वॉशिंग मशिन, गरम पाणी, पावडर. लोकरीच्या केसावर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. आठ फुटांची घोंगडी साडेचार फुटांवर आली, पुठ्ठ्यासारखी घट्ट. काकूंच्या आईच्या माहेरचीच होती ती.

मी स्वतः घेऊन गेले. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, असंही म्हणता येईल. काकूंनी ती मांडीवर घेतली, दशा चाचपल्या, त्या गुठळ्या होऊन गेल्या होत्या. "तुमच्या मुलाने चांगल्या मनाने केलं," म्हणाल्या. मंडळाने चोवीसशेची नवी घेऊन दिली. त्यांनी घेतली, पण जुनीही ठेवून घेतली.

आता करायचं झालं तर

पहिल्या बैठकीतच खोळ करून दाखवीन. चित्राला शब्दांनी हरवता येत नाही, दुसऱ्या चित्राने येतं. बेचाळीसशे आणि एका मुलाचा दंड वाचला असता.

कापड बघायच्या आधी संहिता वाचीन, पांघरुणाच्या नजरेने. कोण कुठे उभा आहे, कोणाच्या हातात काय आहे, कधी काढायचं आहे. रिक्षावाल्या काकांचा प्रश्न कपडेपटातून यायला हवा होता.

पट्टी जाळल्याशिवाय एक मीटरही घेणार नाही, "शुद्ध लोकर" असं लेबल असलं तरी. दुकानदार हो म्हणत नसेल तर पाव मीटर विकत घेऊन घरी जाळावं.

नव्या घोंगड्या आल्या की आधी साध्या थंड पाण्यात रात्रभर बुडवून, न पिळता निथळून, सावलीत वाळवून मग द्याव्यात. आणि शेवटची एक तालीम ओल्या घोंगडीत, जमलं तर पाइपने भिजवून.

लोकांच्या घरच्या वस्तू आणायच्या की नाही, यावर मात्र मी अजून ठाम नाही. त्या नऊ नसत्या तर पैशात बसलं नसतं, आणि प्रयोगाला जो जुनेपणा आला तो बराचसा त्यांचाच होता. खजिनदारांचं म्हणणं, करार लिहून घ्यावा. मला वाटतं धुलाईचा कागद प्रत्येक घोंगडीला टाचणीने लावावा आणि वाळवायचं काम एकाच घरी, एकाच माणसाकडे ठेवावं. पुढच्या वेळी ते घर माझं.

बारा घोंगड्या आता लोखंडी पेटीत आहेत, कडुलिंबाचा पाला घालून, ऑक्टोबरचं ऊन दाखवून. राहिलेले तीन मखमली झगे एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला राक्षसासाठी दिले, मशाल जवळ आणू नका अशा सूचनेसह. काकूंनी दिवाळीत फोन केला. आटलेल्या घोंगडीची त्यांनी दोन आसनं कापली होती. पूर्वी त्यांच्या सासूबाई सोवळ्यात धाबळी नेसायच्या, लोकरीला विटाळ नाही म्हणून, तेव्हा देवघरात आसन लोकरीचंच बरं, असं त्यांचं म्हणणं. एक त्यांच्या देवापुढे आहे. दुसरं त्यांनी त्या मशिनवाल्या मुलाला दिलं.